तेहरानचा १९४३ चा फोटो साफ करताना मी काय काय चुका केल्या, आणि तुम्ही त्या कशा टाळायच्या

गेल्या पावसाळ्यात आजोबांची ट्रंक उघडली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात इराण-इराककडे होते, पायफोर्स म्हणायचे त्याला, तिथे स्टोअरमध्ये कारकून. ट्रंकेत दोन गोष्टी निघाल्या. एक त्यांच्या युनिटचा ग्रुप फोटो, कडा कसरीने खाल्लेला. आणि दुसरं म्हणजे पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेलं एक कात्रण, ज्यात स्टालिन, रूझवेल्ट आणि चर्चिल खुर्च्यांवर ओळीने बसलेत आणि मागे जाड जाड पांढरे खांब आहेत. तेहरान परिषद, २८ नोव्हेंबर ते १ डिसेंबर १९४३, तिघं पहिल्यांदा एकत्र भेटले ती.

मला वाटलं दोन संध्याकाळचं काम आहे. अडीच महिने गेले, त्यातल्या पहिल्या अकरा रात्री तर निव्वळ पाण्यात. मी काही प्रोफेशनल नाही, दिवसा नोकरी, रात्री हे उद्योग, पण आता चारपाच फोटो हातावेगळे केलेत आणि ओळखीतले लोक विचारायला लागलेत की कुठून सुरू करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. उदाहरण तेहरानच्याच फोटोचं घेतो कारण त्यात बहुतेक सगळे खड्डे एकाच ठिकाणी भेटतात, पण घरातल्या फोटोलाही हेच लागू आहे.

आधी सामान बघून घ्या:

- भिंग, दहापट मोठं दाखवणारं (घड्याळवाल्यांकडे असतं तसलं, डोळ्याला लावायचं)
- हवेचा रबरी फुगा आणि एक मऊ ब्रश, अगदी कोरडा
- फ्लॅटबेड स्कॅनर. ऑल-इन-वन प्रिंटरचा स्कॅनर सुरुवातीला चालतो, फारच बारीक काम असेल तर नाही
- गिम्प (फुकट आहे, २.१० पासून १६ बिटमध्ये, म्हणजे जास्त बारीक छटांत, काम करतं) किंवा फोटोशॉप, जे असेल ते
- एक्स्टर्नल हार्ड डिस्क
- एक वही. हसू नका, याच्यावर पुढे येतोच

पेन टॅबलेट असेल तर मनगट वाचतं. माझ्याकडे नव्हता, माउसनेच केलं सगळं, पण तिसऱ्या आठवड्यात मनगट बोलायला लागलं.

१. हातात नेमकं काय आहे ते आधी ओळखा

माझ्या अकरा रात्री इथेच गेल्या. कात्रण स्कॅन केलं, झूम केलं तर सगळीकडे ठिपकेच ठिपके. मला वाटलं धूळ, कागद जुना झालाय. बसलो एकेक ठिपका पुसत. बाराव्या दिवशी एका छापखानावाल्या काकांना दाखवलं, त्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "अहो हे हाफटोन आहे, ठिपके पुसलेत तर खाली काय उरणार?"

बरोबर होतं त्यांचं. छापलेल्या फोटोत राखाडी रंग असा नसतोच, काळे लहानमोठे ठिपके असतात आणि लांबून डोळा त्याचा राखाडी बनवतो. जुन्या वर्तमानपत्रात साधारण इंचाला ६५ ते ८५ ओळी ठिपके, चांगल्या मासिकात १२० ते १५०. म्हणजे त्या ठिपक्यांच्या मधे जी माहिती नाही ती नाहीच, कितीही पैशाचं सॉफ्टवेअर आणा.

ओळखायचं सोपं आहे. भिंगातून ठिपके एका रेषेत, शिस्तीत दिसले तर छपाई. वाळू सांडल्यासारखे अस्ताव्यस्त दिसले तर ती फिल्मची ग्रेन, म्हणजे खरा फोटो. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघा, तेवढ्यानेही कळतं.

निगेटिव्ह निघाली असेल तर तिचा वास घ्या (लांबूनच). व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ॲसिटेट फिल्म सडायला लागलीय, बाकीच्यांपासून वेगळी करा. आणि १९५० च्या आधीची फिल्म नायट्रेटची असू शकते, ती भयंकर पेट घेते, त्यामुळे माळ्यावर पत्र्याच्या डब्यात कोंबून ठेवू नका आणि स्वतः काही प्रयोग करू नका, जाणकाराला दाखवा.

२. सगळ्यात चांगली प्रत शोधा, मगच कामाला लागा

फोटो ऐतिहासिक असेल तर नव्वद टक्के वेळा तुमच्या घरातल्या प्रतीपेक्षा चांगली प्रत कुठल्यातरी सरकारी संग्रहात पडलेली असते. तेहरानचा हा फोटो अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरचा, म्हणजे संदेशवहन आणि फोटोचं काम बघणाऱ्या विभागाचा. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर तो आहे आणि तिथून टिफ फाइल (जेपेगसारखी दाबून लहान न केलेली) उतरवता येते, फुकट. तीच फाइल गुगल इमेजवरून घेतलीत तर दहा जणांनी दाबून, कापून, शार्प करून मेलेली जेपेग मिळते. नेहमी मुळापर्यंत जा.

कुठे कुठे बघायचं: लायब्ररी ऑफ काँग्रेस, अमेरिकेचं नॅशनल अर्काइव्हज (सिग्नल कोअरचे फोटो तिथे रेकॉर्ड ग्रुप १११ मध्ये आहेत), हाइड पार्कची रूझवेल्ट लायब्ररी, आणि ब्रिटिश फोटोग्राफरनी काढलेले असतील तर लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम.

हक्कांचं थोडक्यात. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकराने कामाचा भाग म्हणून काढलेला फोटो अमेरिकेत पब्लिक डोमेन, म्हणजे कुणीही वापरावा. ब्रिटिश सरकारी फोटो १ जून १९५७ च्या आधीचा असेल तर काढल्यापासून ५० वर्षांनी क्राउन कॉपीराइट (तिथल्या सरकारचा हक्क) संपतो. वर्तमानपत्रांच्या एजन्सीचा फोटो असेल तर गोष्ट वेगळी, ते तपासल्याशिवाय कुठे टाकू नका.

आता खड्डे, कारण इथे तीन आहेत.

पहिला, कॉपी निगेटिव्ह. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ज्या फोटोचा नंबर एलसी-यूएसझेड६२ ने सुरू होतो ती मूळ निगेटिव्ह नसते, प्रिंट समोर ठेवून तिचा काढलेला फोटो असतो. मूळ फोटोचे डाग, प्रिंटचे डाग आणि कॉपी काढतानाचे डाग, असे तीन पिढ्यांचे डाग एकावर एक बसलेले. वाईट नाही, पण माहीत असावं.

दुसरा, एकाच प्रसंगाच्या अनेक फ्रेम. त्या पायऱ्यांवर त्या दिवशी एकटाच फोटोग्राफर नव्हता. चर्चिल एका फ्रेममध्ये इकडे बघतो, दुसरीत तिकडे, मागची माणसं कुठे आहेत कुठे नाहीत. मी एका फ्रेममधला खांबाचा कोपरा दुसऱ्या फ्रेममधून उचलून चिकटवणार होतो, नशीब वेळेत कळलं. तसं करू नका, तो मग कुठलाच फोटो राहत नाही.

तिसरा, उलटा फोटो. इंटरनेटवर आरशातल्यासारख्या फिरलेल्या प्रती भरपूर आहेत. तेहरानच्या फोटोत बघणाऱ्याच्या डावीकडे स्टालिन, मधे रूझवेल्ट, उजवीकडे चर्चिल. फोटो माहितीतला नसेल तर पुरुषांच्या कोटाचा वरचा खिसा बघा, पदकं बघा, ती बहुतेक त्या माणसाच्या डाव्या छातीवर असतात (काही सोव्हिएत पदकं उजवीकडेही लावायचे). सगळं त्याच्या उजव्या छातीवर दिसलं की समजायचं बहुतेक फिरवलाय.

३. खरी प्रिंट असेल तर तिला हात लावताना

हे आजोबांच्या ग्रुप फोटोवर शिकलो. ओलं फडकं नाही. ओला टिश्यू नाही. चष्म्याचं लिक्विड तर अजिबात नाही. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, पाणी लागलं की फुगतो आणि घासलंत की चेहऱ्यासकट निघून येतो. बुरशी ओली, चिकट वाटत असेल तर आधी कोरड्या हवेशीर जागी सावलीत वाळू द्या, उन्हात नाही.

फुग्याने हवा मारा, मग ब्रश, मधून कडेकडे. एवढंच. सेलोटेप ओढून काढायची नाही, काचेला चिकटलेला फोटो सोडवायचा नाही, काचेसकट स्कॅन करा. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका, आमच्याकडे एका मावशीने प्रेमाने सगळ्या जुन्या फोटोंना लॅमिनेशन करून आणलं, आता त्यातून एकही सुटत नाही.

४. स्कॅन

सेटिंग सांगतो, तेवढं पाळा: टिफ, १६ बिट, आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन रंगीत. का ते आठव्या पायरीत. रिझोल्यूशन ४ बाय ५ इंचाच्या प्रिंटला १२०० डीपीआय, म्हणजे इंचाला १२०० ठिपके. म्हणजे ४८०० बाय ६००० पिक्सेल होतात, ३०० ने छापलंत तर २० इंचाची प्रिंट निघते. यापेक्षा जास्त ठेवून फाइल फुगते, फोटो सुधारत नाही.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं ऑटो कलर, शार्पन, डस्ट रिमूव्हल, सगळं बंद. खास करून निगेटिव्ह स्कॅन करताना इन्फ्रारेडवालं डस्ट रिमूव्हल, कारण जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये खरी चांदी असते, ती इन्फ्रारेड अडवते आणि मशीनला चेहराच धूळ वाटतो.

काही प्रिंट काळ्या भागात निळसर चमकतात, चांदीचा आरसा झाल्यासारख्या. त्या स्कॅनरवर पांढुरक्या येतात. त्यांचा कॅमेऱ्याने फोटो काढावा लागतो, दोन बाजूंनी ४५ अंशात दिवे, दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर (चकाकी अडवणारा फिल्टर). झंझट आहे, सगळ्यांना लागत नाही.

स्कॅन झाला की त्या फाइलचं नाव "मूळ" ठेवा, रीड ओन्ली करा, हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि विसरून जा. काम दुसऱ्या कॉपीवर. मी हे केलं नव्हतं, त्याची गोष्ट आता पुढेच.

५. फोटो वाचा

ही पायरी सगळे गाळतात, आणि मला विचाराल तर खरं काम इथेच आहे, बाकी सगळं हमाली. निदान दोन दिवस फक्त बघा. ब्रशला हात नाही. पूर्ण फोटोवर चौकटींची जाळी टाका, एकेक चौकट १०० टक्क्यांवर बघा, आणि वहीत लिहा: अमुक चौकटीत काय आहे, ते डाग आहे की फोटोतलीच गोष्ट आहे.

कात्रणावर चर्चिलच्या खुर्चीजवळ एक बारीक तिरकी रेघ होती. मी ती दुसऱ्याच रात्री ओरखडा म्हणून पुसली. आणि सेव्ह केलं, त्याच फाइलवर. नंतर कात्रण उजेडात तिरकं धरल्यावर दिसलं की ती पेन्सिलची खूण होती, आजोबांनी किंवा कुणीतरी मुद्दाम केलेली, दाब देऊन, कागदावर वळ उमटलाय. सगळं परत स्कॅन केलं. तेव्हापासून वही.

डाग कुठल्या पिढीचा आहे ते रंगावरून कळतं. प्रिंटमधला पांढरा ठिपका किंवा पांढरं केसासारखं काही दिसलं तर बहुतेक निगेटिव्हवर धूळ होती, तिने उजेड अडवला. काळी बारीक रेघ असेल तर निगेटिव्हचा थर खरवडला गेलाय, तिथून जास्त उजेड गेला. आणि भिंगातून कागदाचे धागे दिसतायत अशी पांढरी चीर असेल तर ती प्रिंटवरच पडलीय. या माहितीचा उपयोग काय, तर निगेटिव्हवरचा ओरखडा त्याच निगेटिव्हच्या नंतरच्या प्रत्येक प्रिंटवर असणार, पण प्रिंटची चीर फक्त तुमच्याच प्रतीवर. दुसरी प्रत मिळाली की चिरेखाली काय होतं ते बघता येतं. त्याच फ्रेमची दुसरी प्रत बरं का, वेगळी फ्रेम नाही.

मग ज्या गोष्टी डाग वाटतात पण नसतात त्या. स्टालिनला लहानपणी देवी आल्या होत्या, गालावर व्रण होते. सोव्हिएत अधिकृत फोटोत ते रिटच करून गुळगुळीत करायचे. पण हा अमेरिकन फोटो आहे, आणि गालावरचा प्रत्येक ठिपका धूळ समजून पुसत गेलात तर स्टालिनच्याच रिटचरचं राहिलेलं काम तुम्ही पूर्ण कराल. मी गालांना हातच लावला नाही, फक्त जो ठिपका चेहऱ्याच्या कडेवरून बाहेर खांबावर गेलेला दिसला तेवढाच काढला, कारण व्रण काही खांबावर जात नाही.

तसंच कपडे. चर्चिल रॉयल एअर फोर्सच्या युनिफॉर्ममध्ये आहे, स्टालिन मार्शलच्या, खांद्यावर पट्ट्या. रूझवेल्ट एकटा साध्या सुटात. या पट्ट्या, बटणं, खिशावरची शिवण, हे सगळं कमी रिझोल्यूशनमध्ये मळासारखं दिसतं. हात लावण्याआधी त्या काळचा तो युनिफॉर्म कसा होता याचे दुसरे फोटो बघून घ्या. सोव्हिएत सैन्यात खांद्यावरच्या पट्ट्या १९४३ च्या सुरुवातीला परत आल्या, स्टालिन मार्शल झाला त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे तो युनिफॉर्मही तेव्हा नवाकोराच. हे माहीत असलं की खांद्यावरची ती चकाकी पुसायला हात धजत नाही.

खांबांसाठी मी एक युक्ती केली. ही जागा म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत वकिलातीची ओसरी, आणि ती अजून तशीच आहे, रशियन वकिलात आहे तिथे. ऑगस्ट २०२१ मध्ये रशिया आणि ब्रिटनच्या राजदूतांनी त्याच पायऱ्यांवर खुर्च्या टाकून, मधली रिकामी ठेवून फोटो काढला, आणि इराणात केवढा गदारोळ झाला, कारण १९४१ मध्ये याच दोन देशांनी इराणमध्ये फौजा घुसवल्या होत्या (ब्रिटिशांच्या बाजूने त्यात हिंदी फौज बरीच होती, आमचे आजोबा त्याच वाटेने गेलेले). असो. त्या नव्या रंगीत फोटोमुळे मला ओसरीची ठेवण समजली, जुन्या फोटोतली कुठली रेषा बांधकामाची आणि कुठली ओरखड्याची ते सुटं करता आलं. फक्त समजण्यासाठी, त्यातला एक पिक्सेलही उचलला नाही.

प्रिंटच्या पाठीमागे शिक्के, तारखा, संपादकाच्या खुणा असतील तर पाठही स्कॅन करा. पुढच्या बाजूला मेणाच्या पेन्सिलीने कापायच्या रेषा मारलेल्या असतात, त्या काढायच्या की ठेवायच्या हा तुमचा निर्णय, पण मूळ फाइलमध्ये राहूद्यात.

६. लेअर लावा

लेअर म्हणजे चित्रावर एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. मूळ चित्राचा लेअर कुलूपबंद. त्यावर नवा रिकामा लेअर, नाव "मोठे ओरखडे". त्यावर अजून एक, "धूळ". मग टोनचे. गिम्पमध्ये हील आणि क्लोन या दुरुस्तीच्या ब्रशांच्या (पुढच्या पायरीत सांगतो) ऑप्शनमध्ये "सॅम्पल मर्ज्ड" वर टिक करा, फोटोशॉपमध्ये "करंट अँड बिलो". म्हणजे खालचं चित्र बघून वरच्या रिकाम्या लेअरवर दुरुस्ती होते. चुकलं तर खोडरबर फिरवायचा, खाली मूळ आहेच. एवढं एक केलंत तरी माझ्यापेक्षा तुम्ही पुढे.

क्रम: सरळ करणं, मग मोठे ओरखडे, मग धूळ, मग टोन. कापाकापी सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच.

७. पुसायचं कसं

हील ब्रश आजूबाजूचा उजेड बघून मिसळून घेतो, क्लोन जसंच्या तसं उचलून ठेवतो. सपाट जागी, म्हणजे भिंत, आकाश, जमीन, तिथे हील. पण खांबाची पांढरी कडा जिथे काळ्या कोटाला भिडते तिथे हील मारलात की काळं पांढऱ्यात पसरतं, शाईवर बोट फिरवल्यासारखं. तिथे क्लोन, छोटा ब्रश, कडा थोडी मऊ, आणि कडेच्या रेषेवरूनच नमुना उचलायचा.

ब्रश डागापेक्षा जेमतेम मोठा. एका ठिकाणाहून सारखा नमुना उचलू नका, नाहीतर तीच ग्रेन चार वेळा दिसते आणि फरशी बसवल्यासारखं वाटतं. लांब ओरखडा एका फटक्यात ओढू नका, तुकड्या तुकड्याने. दर अर्ध्या तासाने झूम आउट करून पूर्ण फोटो बघा, आणि मूळ लेअरशी चालू-बंद करून ताडा.

कुठे थांबायचं हा प्रश्न सगळे विचारतात. माझा नियम साधा आहे: छापून हातभर अंतरावर धरल्यावर डोळ्याला टोचतं ते काढायचं, बाकी राहूदे. चेहऱ्यांवर त्याहूनही कमी. आणि फाटून गेलेला कोपरा, जिथे काही उरलंच नाही, तिथे मी काही रचत नाही, साधा राखाडी ठेवतो. काहीजण रचतात. सजावटीच्या प्रिंटसाठी ठीक, पण मग तसं सांगा.

वेळेचा अंदाज: लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या टिफमधली धूळ पुसायला मला रोज दीड तास धरून सव्वीस दिवस लागले, आणि त्यातले जवळजवळ पंधरा फक्त खांबांवर गेले, कारण पांढऱ्यावर प्रत्येक ठिपका ओरडतो.

८. टोन, पिवळेपणा, शिक्क्याची शाई

रंगीत स्कॅन का, ते आता. रंगीत स्कॅन लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलचा बनलेला असतो. पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात काळा दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे पिवळी पडलेली ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट असेल तर तीन चॅनेल सुटे करा आणि लाल तेवढा ठेवा, अर्धं काम तिथेच झालं. निळ्या शाईचा शिक्का किंवा सही चित्रावर आलीय? मग उलटं, निळा चॅनेल बघा, त्यात शाई फिकट होते. आजोबांच्या ग्रुप फोटोवर हे करून बघितलं तेव्हा मी रात्री एक वाजता खुर्चीतून उठून टाळी वाजवली, बायको उठून विचारायला आली काय झालं.

मग लेव्हल्स. हिस्टोग्रामची (फोटोतल्या काळ्या-पांढऱ्याच्या आलेखाची) दोन्ही टोकं जिथे सुरू होतात तिथपर्यंतच बाण सरकवा, आत घुसवू नका. घुसवलेत की फोटो एकदम झणझणीत दिसतो आणि रूझवेल्टच्या सुटातल्या चुण्या काळ्यात गडप होतात, खांब खडूसारखे पांढरे. पहिल्या वेळी मोह होतोच. करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, मग परत मागे घ्याल. एक बाजू जास्त फिकट झाली असेल तर कर्व्ह्जचा (उजेड कमी-जास्त करायचा) लेअर आणि मास्क, म्हणजे तो बदल हवा तेवढ्याच जागी लागू करायचा पडदा, त्यावर मोठा मऊ ब्रश, दहा टक्क्यांवर.

दुरुस्त केलेली जागा कधीकधी मेणासारखी गुळगुळीत दिसते. तिथे थोडी नॉइज टाकून ग्रेन जुळवा. शार्पनिंग जवळपास शून्य.

९. एआयच्या नादी लागण्याआधी

ॲप आहेत, एक बटण दाबलं की दहा सेकंदात फोटो चकाचक. मीही दाबलं. आजोबांच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतला त्यांचा चेहरा नखाएवढा, धूसर. ॲपने छान डोळे, सरळ नाक, दात सगळं दिलं. आईला दाखवला तर ती म्हणाली, "हे कोण?"

ॲपला आजोबा माहीत नाहीत ना. त्याने हजारो चेहरे बघितलेत, त्यातला सरासरी एक आणून बसवला. तेहरानच्या फोटोतही तेच, स्टालिनचे गाल लग्नाच्या अल्बममधल्या नवरदेवासारखे, आणि मागे धूसर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरेच वेगळे. आता मागे उभी असलेली माणसं म्हणजे कोणी मंत्री, कोणी राजदूत, कोणी दुभाषा असू शकतो, उद्या कुणीतरी तुमचा फोटो बघून भलत्यालाच ओळखेल.

आणि स्टालिन ज्या फोटोत आहे त्या फोटोत तरी हे खपवून घेऊ नये असं मला वाटतं. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर त्याच्या शेजारी येझोव्ह उभा होता, गुप्त पोलिसांचा प्रमुख. १९४० मध्ये त्याला गोळी घातली आणि मग फोटोतूनही काढला, तिथे नुसतं पाणी. त्याआधी ५ मे १९२० च्या लेनिनच्या भाषणाच्या फोटोतून त्याचा सहकारी आणि पुढे स्टालिनचा विरोधक ट्रॉट्स्की गेला, पायऱ्याच राहिल्या. तेव्हा एअरब्रश आणि ब्लेड लागायचं, आता बोट पुरतं.

एआय पूर्ण वर्ज्य नाही म्हणत मी. सपाट भिंतीवरची धूळ शोधून द्यायला वापरा, प्रत्येक दुरुस्ती स्वतः तपासून. चेहरे, हात, पदकं, अक्षरं यांच्यापासून लांब.

१०. रंग भरायचे का

माझं मत विचाराल तर नको. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर निळा आणि लाल एकाच राखाडीत येऊ शकतात, परत मागे जायचा रस्ता नाही. एअर फोर्सचा युनिफॉर्म निळसर राखाडी हे माहीत आहे, पण रूझवेल्टचा टाय? खुर्चीचं कापड? ते मनाचंच. भरायचेच असतील तर वेगळ्या फाइलवर भरा आणि फोटोखाली ठळक लिहा की रंग नंतर भरलेत. व्हॉट्सॲपवर फिरताना ते वाक्य गळून पडतं, म्हणून मी ते फोटोच्या पट्टीतच टाइप करायला सांगतो.

११. सेव्ह आणि नोंद

तीन फाइल: मूळ स्कॅन, लेअरसकटची कामाची फाइल, आणि तयार टिफ. जेपेग फक्त पाठवायला. तयार फाइलच्या नावात "दुरुस्त" किंवा तसं काही हवंच, आणि कुठल्याही संग्रहात टाकताना मूळ फाइलच्या जागी नाही, शेजारी टाका.

सोबतच्या नोंदीत हे हवं:

- मूळ कुठून घेतलं, तिथला नंबर, उतरवल्याची तारीख
- फोटो कुणी काढला, संस्था तरी
- हक्क काय आहेत
- तुम्ही काय काय केलं, एकेक ओळ: "धूळ काढली, डावीकडच्या खांबावरचा ओरखडा काढला, लेव्हल्स बदलल्या"
- काय मुद्दाम केलं नाही

तारखेचं जरा जपून. संग्रहात या फोटोला परिषदेच्या चार दिवसांची मुदत दिलीय, २८ नोव्हेंबर ते १ डिसेंबर. लोक लगेच ३० नोव्हेंबर लिहितात कारण त्या दिवशी चर्चिलचा ६९ वा वाढदिवस होता आणि गोष्ट छान जमते. संग्रह जेवढं म्हणतो तेवढंच लिहा. जागेचंही तसंच, वाढदिवसाचं जेवण ब्रिटिश वकिलातीत झालं आणि हा फोटो सोव्हिएत वकिलातीतला, दोन्ही एकमेकांच्या जवळ म्हणून लोक गल्लत करतात.

छापायचा असेल तर मॅट कागद घ्या, ग्लॉसीवर दुरुस्तीच्या जागा उजेडात चमकून दिसतात. स्टुडिओवाल्याला आधीच बजावा की ऑटो करेक्शन बंद ठेव, नाहीतर आठव्या पायरीतली सगळी मेहनत त्याचं मशीन एका सेकंदात झणझणीत करून देतं. माझ्या पहिल्या प्रिंटचं तेच झालं, दुसरी काढून घेतली, तिच्यात सुटाच्या चुण्या आल्या. ती आईच्या खोलीत लावलीय, ग्रुप फोटोच्या शेजारी. कात्रण न पुसता परत ट्रंकेत ठेवलंय, ॲसिड-फ्री कागदात, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून. पुड्या दर पावसाळ्याआधी बदलायच्या.